ट्रॅव्हलर : वीस वर्षे फौजेत काढलेला सार्जंट कागदावर फिका का पडतो?

चौकस :

नमस्कार. आमच्या गटात 'ट्रॅव्हलर' हा विज्ञानकथेवर आधारलेला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम सुरू होत आहे आणि रेफरीची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आम्ही मुद्दाम १९७७ ची मूळ आवृत्ती घेतली आहे, म्हणजे मार्क मिलर यांनी लिहिलेली आणि गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढलेली तीन छोटी काळी पुस्तके. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पात्र अठराव्या वर्षी नोकरीला लागते आणि चार-चार वर्षांच्या टर्म पूर्ण करत जाते. प्रत्येक टर्ममध्ये ते वाचले का, त्याला बढती मिळाली का आणि ते काय शिकले, हे फासे टाकून ठरते. नोकरी सोडून ते बाहेर पडले की मग आपला खेळ सुरू होतो. म्हणजे अनुभव खेळता खेळता मिळवायचा नसतो, तो आधीच गाठीशी घेऊन पात्र टेबलावर येते.

अडचण अशी आहे की, दोन खेळाडूंनी लष्कर निवडले आणि दोघांनी पाच टर्म पूर्ण केल्या. दोघांचीही पात्रे आता ३८ वर्षांची आहेत. एकाला पहिल्याच टर्ममध्ये कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाले, पुढे दोन बढत्या मिळाल्या आणि तो मेजर झाला. दुसऱ्याला कमिशनच्या रोलने, म्हणजे फाशांनी, एकदाही साथ दिली नाही. मूळ नियमांत पदाची शिडी लेफ्टनंटपासून सुरू होते, त्यामुळे हा गडी वीस वर्षांनंतरही शून्य क्रमांकाच्याच पदावर आहे, त्याला साधा कॉर्पोरलदेखील म्हणता येत नाही. शिवाय कमिशन आणि प्रत्येक बढती यांच्याबरोबर एकेक जादा कौशल्य मिळत असल्यामुळे मेजरकडे आपोआप मिळणारी धरून अकरा कौशल्ये जमा झाली आहेत आणि याच्याकडे सात.

त्या खेळाडूला मुरलेला, सगळे पाहिलेला सार्जंट खेळायचा आहे आणि त्याची ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. वीस वर्षे गणवेशात काढलेला माणूस अधिकाऱ्यापेक्षा कमी जाणतो असे म्हणणे मला पटत नाही. तो वेगळे काही जाणतो असे मला वाटते. ते वेगळेपण नियमांत कसे बसवावे आणि खेळताना ते कसे दिसावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

दिवाभीत :

चौकस, तुम्ही दाखवलेली उणीव खरी आहे आणि तिच्यावरचा पहिला इलाज पुढच्याच वर्षी आला. १९७८ च्या 'मर्सिनरी' या चौथ्या पुस्तकात लष्कर आणि मरीन यांच्यासाठी पात्रनिर्मितीची विस्तृत पद्धत दिलेली आहे. तिच्यात शिपाई आणि सार्जंट वर्गासाठी ई-१ ते ई-९ अशी स्वतंत्र शिडी आहे. खाली साधा प्रायव्हेट आणि सर्वांत वर सार्जंट मेजर. नौदलासाठी तेच काम 'हाय गार्ड' या पाचव्या पुस्तकाने केले.

माझ्या मते या पुस्तकाचे खरे योगदान शिडीपेक्षा दुसरीकडे आहे. मूळ पद्धतीत चार वर्षांचा हिशेब एका दमात उरकला जातो. 'मर्सिनरी'मध्ये तो वर्षावर्षाने होतो, आणि त्या वर्षी पात्राला कुठे धाडले हे आधी ठरते : प्रशिक्षण, छावणीतला बंदोबस्त, छापा, बंडखोरांविरुद्धची मोहीम, जहाजावरची तुकडी वगैरे. त्या कामगिरीत तो तगला का, त्याला पदक मिळाले का, बढती मिळाली का, हे त्यानंतर येते. त्यामुळे पाच टर्म संपल्या की तुमच्या हाती वीस वर्षांचे सेवापुस्तकच तयार असते आणि त्यात 'सातव्या वर्षी छापा, आठव्या वर्षी पुन्हा छापा, नवव्या वर्षी प्रशिक्षण केंद्र' अशा नोंदी असतात. दोन छाप्यांनंतर माणूस प्रशिक्षण केंद्रावर का गेला, असा प्रश्न तुम्ही त्या खेळाडूला विचारलात की पात्र बोलायला लागते. 'इन्स्ट्रक्शन' नावाचे शिकवण्याचे कौशल्यही याच पुस्तकात आहे, आणि जुन्या सार्जंटसाठी मला ते बंदुकीपेक्षा मोलाचे वाटते.

मात्र एक सावधगिरी बाळगावी लागेल. या पद्धतीने घडवलेली पात्रे पहिल्या पुस्तकातल्या पात्रांपेक्षा कितीतरी अधिक कौशल्ये घेऊन बाहेर पडतात. एकाच टेबलावर दोन्ही पद्धती चालवल्या तर तुमचा व्यापारी आणि तुमचा स्काउट बिचारे दिसतील. तेव्हा मेजरलाही याच पद्धतीने पुन्हा घडवा, आणि बाकीच्यांना रेफरी म्हणून दोन-तीन जादा कौशल्ये द्या.

नवे नियम चालणार असतील तर मॉन्गूज प्रकाशनाची आवृत्ती पाहावी. ती २००८ मध्ये आली आणि तिची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये. तिच्यात लष्कराच्या मूळ कारकिर्दीतच दोन शिड्या शेजारी शेजारी आहेत आणि सार्जंट मेजर हे साध्या शिपायाच्या शिडीवरचे सहावे पद आहे. त्याच परंपरेतल्या 'सेफियस इंजिन' या दुसऱ्या नियमसंचाच्या मूळ पुस्तकात मात्र भूदलाची शिडी पुन्हा शिपायावरून थेट लेफ्टनंटवर जाते. म्हणून केवळ फुकट मिळते एवढ्यासाठी तिकडे वळू नका.

सुभेदाराची लेक :

मी नियमांची जाणकार नाही, खेळते मात्र आवडीने. माझे वडील पायदळात शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर मला बोलायचे आहे.

आपल्याकडच्या सैन्यात शिपाई, नाईक, हवालदार या पायऱ्यांनंतर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर ही कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांची पदे येतात. ही माणसे शिपाईपदापासून वर चढलेली असतात. बावीस-तेवीस वर्षांचा नवा लेफ्टनंट पलटणीत येतो तेव्हा पदाने तो त्यांच्यापेक्षा मोठा असतो. सुभेदार त्याला सॅल्यूट करतो, आणि तो लेफ्टनंटही त्याला 'सुभेदारसाहेब' असेच म्हणतो. आदर दोन्ही बाजूंनी वाहतो. हुकूम मात्र एकाच बाजूने जातो. वर सांगितलेल्या शिड्यांत या दोन वर्गांच्या मधला असा थर नाही. तुमच्या खेळातल्या एखाद्या ग्रहाच्या फौजेत तो जरूर ठेवा; शिडीची वरची दोन पदे तशी मानली तरी पुरेल.

वडिलांचे ज्ञान कशाचे होते याचा मी अनेकदा विचार केला आहे. नेमबाजीत त्यांच्याहून तरबेज जवान त्यांच्याच कंपनीत होते. वडिलांना माणसे वाचता येत. रजेवरून परतलेला जवान पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत कुठे उभा राहतो आणि कोणाशी बोलत नाही, एवढ्यावरून त्याच्या घरी काय चालले असावे याचा त्यांना अंदाज येई, आणि त्या रात्री त्याला पहाऱ्यावर एकटे ठेवायचे नाही हे ते कोणाला न सांगता ठरवून टाकत. लांब चालीच्या आदल्या संध्याकाळी ते जवानांना बूट काढायला लावून तळपाय पाहत, कारण फोड आलेला जवान स्वतःहून कधीच सांगत नाही आणि दहाव्या मैलावर तो अख्ख्या तुकडीचा वेग ठरवतो. कोठारात कागदावर किती काडतुसे आहेत आणि खरोखर किती आहेत, कोणता ट्रक थंडीत सुरू होत नाही, कोणत्या कारकुनाकडे कागद दिला की तो हलतो, हे सगळे त्यांना ठाऊक असे.

हे सारे विज्ञानकथेत जसेच्या तसे नेता येते. अंतराळ-पोशाखाचे जोड तपासणारा, हवेच्या टाक्या हाताने ठोकून पाहणारा, नव्या पोराच्या श्वासाचा वेग रेडिओवर ऐकून 'याला मागे घ्या' म्हणणारा सार्जंट मला डोळ्यांसमोर दिसतो. प्रश्न रेफरीचा आहे. तुमच्या कथानकात अशा गोष्टींवर काही अवलंबूनच नसेल, प्रत्येक पेच गोळीबाराने किंवा उच्चपदस्थांच्या वाटाघाटींनी सुटत असेल, तर सार्जंटला कितीही कौशल्ये दिली तरी तो फिकाच राहील.

रानवारा :

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत असलो, तरी एका गोष्टीवर मी जरा ठाम बोलणार आहे. खेळाडूला सार्जंट हवा आहे म्हणून रेफरीने पद देऊन टाकू नये. फाशांनी दिलेली रखडलेली वर्षे हीच या पात्राची कमाई असते, आणि ती पुसून टाकली तर उरते फक्त नावापुढची पदवी. फाशांना योग्य नियम द्यावेत आणि मग ते म्हणतील ते मान्य करावे.

मॉन्गूजच्या दुसऱ्या आवृत्तीत मी घडवलेल्या एका पात्राचा हिशेब मांडतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. तिचे नाव इरा. ताकद ७, चपळाई ८, दमसास ९, बुद्धी ६, शिक्षण ५ आणि सामाजिक स्थान ४. हे आकडे पाहून एखादा रेफरी पुन्हा फासे टाकू देईल, पण शिपायाच्या कारकिर्दीसाठी ते उत्तम आहेत. या खेळात दोन फाशांची बेरीज घेतात आणि संबंधित गुणाच्या आकड्यानुसार तिच्यात थोडी भर किंवा वजाबाकी करतात. कमिशनसाठी सामाजिक स्थानाच्या रोलला ८ किंवा अधिक लागतात. ४ ला उणे १ मिळत असल्याने फाशांवर ९ यायला हवेत, म्हणजे ३६ पैकी १० शक्यता. शिवाय पहिल्या टर्मनंतर कमिशनचा प्रयत्न करायला सामाजिक स्थान निदान ९ लागते. खालच्या घरातल्या मुलीला अधिकारी होण्याची संधी एकदाच मिळते आणि ती हुकली की दार जवळजवळ बंद होते, हे नियम किती नेमकेपणाने सांगतो पाहा.

पायदळात बढतीसाठी शिक्षणावर ६ लागतात. शिक्षण ५ म्हणजे पुन्हा उणे १, म्हणून फाशांवर ७ हवेत, म्हणजे ३६ पैकी २१. सहा टर्ममध्ये सहाच्या सहा बढत्या मिळून सार्जंट मेजर होण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास येते. शिवाय बढतीचा रोल त्या कारकिर्दीतल्या टर्मच्या संख्येइतका किंवा त्याहून कमी आला तर फौज सोडावीच लागते. म्हणून ज्याने सहा टर्म काढल्या त्याने सार्जंट होणे हेच मोठे यश मानावे. सार्जंट मेजर क्वचितच दिसायला हवा.

इरा पहिल्या टर्ममध्ये शिपाईच राहिली. त्या पदाबरोबर तिला 'गन कॉम्बॅट' (बंदुकीची लढाई) एक, म्हणजे पहिल्या पातळीचे, मिळाले आणि प्राथमिक प्रशिक्षणातून वाहन, मल्लविद्या, जड शस्त्रे वगैरे शून्य पातळीवर, म्हणजे तोंडओळखीपुरती, आली. दुसऱ्या टर्मला लान्स कॉर्पोरल आणि त्याबरोबर 'रिकॉन' (टेहळणी) एक. तिसऱ्या टर्मच्या घटनेत तिची तुकडी वेढली गेली आणि कुमक येईपर्यंत टिकून राहिली. त्यामुळे पुढच्या बढतीच्या रोलला अधिक २ मिळाले आणि ती कॉर्पोरल झाली. चौथ्या टर्मला 'वरिष्ठ अधिकाऱ्याने तुमच्यात लक्ष घातले' ही घटना आली. इथे बढतीसाठी अधिक ४ किंवा 'टॅक्टिक्स' (डावपेच) एक, असा पर्याय असतो. बढतीचा मोह सोडून मी 'टॅक्टिक्स' घेतले, कारण ते एरवी अधिकाऱ्यांच्या तक्त्यावर आणि उच्च शिक्षणाच्या तक्त्यावर असते. उच्च शिक्षणाच्या तक्त्याला शिक्षण ८ लागते, आणि अधिकारी तर ती होणार नव्हती. बढती त्या टर्मला हुकली. पाचव्या टर्मला तिने पायदळ सोडून सपोर्ट शाखा घेतली, वैद्यकीय आणि यांत्रिक कामे शिकली आणि लान्स सार्जंट झाली. त्या पदाबरोबर 'लीडरशिप' एक मिळते. सहाव्या टर्मला रणांगणावरच्या शौर्याची घटना आली, जिच्यात आपोआप बढती किंवा थेट कमिशन मिळते. ४२ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर लेफ्टनंट होऊन विशीतल्या पोरांबरोबर मेसमध्ये बसायचे तिला नको होते, म्हणून मी बढती घेतली. त्याच टर्मच्या अखेरीस वयाच्या रोलने, म्हणजे वाढत्या वयाची झीज ठरवणाऱ्या फाशांनी, चपळाई एकाने कमी केली.

आता कागदाकडे पाहा. कोणत्याही कौशल्यात दोनच्या वर आकडा नाही, आणि तरीही ती आमच्या जहाजावरची सर्वांत उपयोगी व्यक्ती आहे. नवशिक्याला अप्रशिक्षित म्हणून उणे ३ बसतात, त्यामुळे ८ च्या साध्या कामासाठी त्याला फाशांवर ११ टाकावे लागतात आणि ते ३६ पैकी तीनदाच येतात. इराला इतक्या कामांची तोंडओळख आहे की तिला ते उणे ३ क्वचितच लागतात. मुरलेपण म्हणजे एका गोष्टीत पाचवी पातळी गाठणे असे मानणाऱ्या खेळाडूंना हे समजावून सांगावे लागते. या खेळात पहिली पातळी म्हणजे पोटापाण्यासाठी पुरेसे ज्ञान असते.

चौकस :

सर्वांचे मनापासून आभार. घरी चर्चा करून आम्ही मॉन्गूजची आवृत्ती घेण्याचे ठरवले आहे आणि दोन्ही पात्रे नव्याने घडवणार आहोत. एक शंका मात्र उरते. मेजर आणि सार्जंट दोघेही आता निवृत्त आहेत आणि एकाच मालवाहू जहाजावर आहेत. मेजरचा खेळाडू स्वभावाने पुढाकार घेणारा आहे. सार्जंटकडे 'लीडरशिप' आणि 'टॅक्टिक्स' दोन्ही आले तर मेजरला काय उरले असे त्याला वाटेल, आणि नाही आले तर सार्जंट पुन्हा हुकमाचा ताबेदार होऊन बसेल. हा तोल कसा राखावा?

सुभेदाराची लेक :

निवृत्तीनंतर हुकूम चालत नाही, पण सवय चालते, आणि खेळायला ती फार सुंदर गोष्ट आहे. वडिलांचे एक जुने कंपनी कमांडर अजूनही घरी येतात. चहा घेताना वडील खुर्चीच्या कडेवर बसतात आणि ते साहेब प्रत्येक बाबतीत आधी वडिलांचे मत विचारतात. दोघांपैकी कोणालाही तसे करण्याची सक्ती नाही. तुमच्या मेजरच्या खेळाडूला एवढेच सुचवा की, निर्णय जाहीर करण्यापूर्वी त्याने सार्जंटकडे पाहावे. आणि सार्जंटच्या खेळाडूला सुचवा की, चारचौघांत मेजरचा शब्द खोडू नये. जे बोलायचे ते एअरलॉकच्या, म्हणजे जहाजाच्या हवाबंद दाराच्या, आत गेल्यावर बोलावे. त्या बंद दाराआडच्या संभाषणाला रेफरी म्हणून वेळ द्या, त्यात घाई करू नका.

दिवाभीत :

नियमांच्या बाजूने याला दोन आधार आहेत. पहिला म्हणजे टास्क चेन. एकाच्या रोलचा परिणाम पुढच्याच्या रोलला मिळतो, तेव्हा मेजर 'टॅक्टिक्स'ने बेत आखतो आणि सार्जंट 'लीडरशिप'ने तो माणसांकडून करवून घेतो, अशी साखळी लावली तर एकाचे कौशल्य दुसऱ्याला वरचढ होत नाही. बेत चुकला असेल तर त्याचा उणे अंक सार्जंटच्या माथी येतो, आणि यातून चांगले प्रसंग घडतात.

दुसरा आधार म्हणजे कनेक्शन्सचा नियम. दोन खेळाडूंनी आपापल्या कारकिर्दीतली एखादी घटना एकमेकांशी जोडली की दोघांनाही एकेक जादा कौशल्य मिळते. प्रत्येकाला अशी दोन नाती जोडता येतात, मात्र ती वेगवेगळ्या पात्रांशी असावी लागतात. रानवारांनी सांगितलेली चौथ्या टर्मची घटना यासाठी तयारच आहे. सार्जंटमध्ये लक्ष घालणारा तो वरिष्ठ अधिकारी हाच तुमचा मेजर असू द्या. त्याने याला 'टॅक्टिक्स' शिकवले असेल तर दोघांकडे ते कौशल्य असण्याबद्दल तक्रार उरणार नाही.

रानवारा :

पुन्हा घडवताना सार्जंटच्या खेळाडूला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. पाच टर्म पूर्ण झाल्या की वर्षाला १०,००० क्रेडिट (खेळातले चलन) निवृत्तिवेतन सुरू होते, म्हणून पाचव्या टर्मनंतर बाहेर पडण्याचा मोह होतो. सहावी टर्म घेतली तर ते १२,००० होते, पण वयाच्या रोलमध्ये दोन फाशांतून सहा वजा होतात आणि काहीही न गमावता सुटण्याची शक्यता ३६ पैकी २१ एवढीच राहते. हा निर्णय तुम्ही घेऊ नका, त्यालाच घेऊ द्या, आणि पात्राने तो का घेतला हे कागदावर एका ओळीत लिहून घ्या. मेजरशी नाते चौथ्या टर्ममध्येच जोडून घेतले, तर सहाव्या टर्मला सार्जंट कोणासाठी थांबला हेही त्या ओळीत येऊ शकेल.